आधी हसणाऱ्यांकडे बघा

वर्गातल्याच एखाद्या मुलाला बाकीची मुलं महिनोन्‌महिने का छळतात, हा विषय पालकसभेत निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, घरचं वळण नाही. दोन, त्याला स्वतःलाच न्यूनगंड असेल, म्हणून दुसऱ्यावर काढतो. पहिल्या उत्तराने शाळा मोकळी होते, दुसऱ्याने सगळ्यांना थोडं बरं वाटतं. वर्गात मात्र दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही. सहावी ते नववीत नेमाने दादागिरी करणारी बरीच मुलं वर्गात वजन राखून असतात. खेळात पुढे, बोलायला चटपटीत, स्नेहसंमेलनात माइक हातात. आपण कमी आहोत असं त्यांना वाटत असल्याची खूण सहसा सापडत नाही.

लॉस एंजेलिसमधल्या अकरा शाळांतल्या सुमारे दोन हजार सहावीच्या मुलांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात सगळ्यात भारी कोण, हे त्यात मुलांनाच विचारलं होतं. त्रास देणाऱ्यांची नावं त्या यादीत वरच्या अंगाला आली, आणि उदासपणा, एकटेपणा यांच्या मोजमापात हीच मुलं सगळ्यांत ठणठणीत निघाली. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये सात ते दहा वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून 'या पात्राच्या मनात आत्ता काय चाललंय' असं विचारलं गेलं. टोळीचे म्होरके त्यात सगळ्यात हुशार ठरले. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ज्याला नेमकं कळतं, त्यालाच त्याची दुखरी जागाही नेमकी कळते. म्हणून 'त्याला कळत नाही हो, लहान आहे' हे वाक्य म्होरक्याच्या बाबतीत मला पटत नाही. त्याला कळत असतं.

मग तो हे का करतो? कारण त्यातून त्याला काहीतरी मिळतं, आणि ते देणारे त्याच्या आजूबाजूला उभे असतात.

पुढे जाण्याआधी एक फरक लक्षात ठेवायला हवा. शाळेतलं प्रत्येक भांडण म्हणजे बुलिंग नव्हे. क्रिकेटमध्ये आउट दिल्यावरून दोघे एकमेकांची कॉलर धरतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच डब्यात जेवतात, तिथे आपण मध्ये पडायचं कारण नसतं. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा पाया घातला. त्यांचे तीन निकष आजही वापरतात: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा केलेलं असतं, आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसते. तिसरा निकष सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. ताकद म्हणजे फक्त अंगातली नव्हे. एका बाजूला सहा जण आणि दुसऱ्या बाजूला एक, एकाचे बाबा गावात वजनदार, एकाचं इंग्रजी फाडफाड, एकाकडे दुसऱ्याचा एखादा फोटो, ही सगळी ताकदच. साधी परीक्षा अशी, की हा मुलगा उलट तसंच वागू शकेल का? उत्तर 'शक्यच नाही' असेल, तर ते भांडण नाही.

आता सातवीच्या वर्गातली मधली सुट्टी डोळ्यांपुढे आणा. खिडकीजवळच्या बाकावरचा एक मुलगा डबा उघडतो. म्होरका दोन बाक मागे बसलेला आहे. तो डब्याला हातही लावत नाही, नाक मुरडून फक्त म्हणतो, "आज परत सुकट का रे?" शेजारचा एक जण पटकन डबा उचलतो आणि पुढच्याकडे देतो. हा हस्तक, नेहमी हाच असतो. तिघे-चौघे मोठ्याने हसतात. आणखी पंधरा-वीस जण बघतात, मान खाली घालतात, आपापली पोळी खातात. एक मुलगी "ए, दे ना त्याचा" म्हणते, पण आवाज अर्धवट. डबा तीन हात फिरून परत येतो, तोवर भाजी सांडलेली असते. सगळा प्रकार एका मिनिटाच्या आत संपतो. बाई वर्गात आल्या तर त्यांना दिसतो तो सांडलेली भाजी पुसणारा मुलगा, आणि ओरडाही त्यालाच बसतो.

या मिनिटात म्होरक्याने एक वाक्य बोललं, एवढंच. बाकी काम इतरांनी केलं. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये नेमक्या याच भूमिका वेगळ्या करून दाखवल्या: म्होरका, त्याचे हस्तक, हसून-ओरडून त्याला चढवणारे, गप्प बाजूला राहणारे, त्रास सोसणाऱ्याची बाजू घेणारे आणि स्वतः तो मुलगा. कॅनडात डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर माइक लावून शेकडो प्रसंग टिपले. दर शंभरातल्या ८८ प्रसंगांत इतर मुलं हजर होती. त्यांच्यापैकी कुणी मध्ये पडलं ते १९ प्रसंगांत. पण मुलं मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के, प्रकार दहा सेकंदांत थांबला. या विषयावरचे सगळे आकडे विसरलात तरी चालेल, हा एक लक्षात ठेवा. नुसतं बघत उभं राहणं म्हणजे तटस्थ राहणं असं त्या बघणाऱ्याला वाटतं. म्होरक्याला मात्र तेवढी गर्दीच पुरते.

म्होरक्याला मिळतं ते हे: वर्गातली जागा. आणि ही जागा कायमची नसते, रोज राखावी लागते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात रॉबर्ट फॅरिस आणि डायेन फेल्मली यांनी शाळांमधल्या मैत्रीचे नकाशे काढले (२०११). मुलगा जसजसा वर चढतो तसतसा त्याचा त्रास देणं वाढतं. अगदी वरच्या दोनेक टक्क्यांत मात्र ते एकदम खाली येतं. ज्यांची जागा पक्की आहे त्यांना कुणाला खाली ढकलायची गरज उरत नाही. सगळ्यात जास्त झटापट चढणाऱ्यांत असते. म्हणूनच त्रास बऱ्याचदा जवळच्यांतच दिला जातो. काल एकत्र बसणाऱ्या तिघींपैकी एक अचानक नकोशी होते, तेव्हा आई 'अगं, तुमची तर किती मैत्री होती' म्हणते. मैत्री होती म्हणूनच तिची गुपितं माहीत असतात.

मुलींच्या बाबतीत हे जास्त दिसतं, कारण त्यात हाणामारी कमी आणि वाळीत टाकणं जास्त असतं. फिनलंडमध्येच १९८० च्या दशकात अकरा-बारा वर्षांच्या मुलींवर काम झालं, तेव्हा पहिल्यांदा या आडून केलेल्या त्रासाकडे संशोधकांचं नीट लक्ष गेलं. आता त्याला व्हॉट्सअ‍ॅप मिळालंय. वर्गाचा मोठा ग्रुप तसाच राहतो, फक्त तिला वगळून एक दुसरा ग्रुप निघतो. सकाळी वर्गात सगळ्या एकाच गोष्टीवर हसतात आणि तिला संदर्भ लागत नाही. दाखवायला स्क्रीनशॉट नाही, अंगावर वळ नाही. 'मला कोणी काही केलं नाही' असं ती सांगते ते शब्दशः खरंच असतं.

वयाचाही यात हात आहे. अमेरिकेत २००५ मध्ये १३ ते १६ वयाच्या मुलांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला गेला. एकटी असताना ती मोठ्यांपेक्षा फार वेगळी खेळली नाहीत, पण दोस्त बाजूला बसताच त्यांनी घेतलेले धोके कितीतरी वाढले. चोवीसच्या पुढच्यांवर हा परिणाम जवळजवळ दिसला नाही. सातवीतल्या मुलाला शिक्षेची भीती घालताना आपण त्याला एकटा गाठून विचारतो, आणि तो मनापासून 'परत नाही करणार' म्हणतो. तेव्हा तो खोटं बोलत नसतो. फक्त मधल्या सुट्टीत तो एकटा नसतो.

सगळी मुलं मात्र या साच्यात बसत नाहीत. केनेथ डॉज आणि जॉन कोई यांनी १९८७ मध्ये दोन जातकुळी वेगळ्या केल्या. एक थंड डोक्याची, काहीतरी मिळवण्यासाठी केलेली आक्रमकता. दुसरी भडका उडाल्यावर केलेली. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला धक्का चुकून लागला तरी तो मुद्दाम मारला असंच वाटतं. तो लाल होतो, दप्तर फेकतो, आणि हमखास पकडला जातो. बऱ्याचदा हा मुलगा स्वतःही कुणाकडून तरी छळला जात असतो, आणि दोन्ही बाजूंना असलेल्या या मुलांचे हालच सगळ्यात जास्त असतात. घरात मारहाण आहे का, झोप किती होते, वाचायला जड जातं का, हे प्रश्न त्याच्यासाठी योग्य आहेत. शाळेच्या शिक्षापुस्तकात त्याचं नाव दहा वेळा असतं आणि म्होरक्याचं एकदाही नसतं. माझ्या मते शाळांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

निशाणा कोण होतो, हे मुलं हवेतून ठरवत नाहीत. जाडी, काळा रंग, तोतरेपणा, वर्गात उशिरा आलेला, गावाकडची बोली, डब्यातलं मांस-मच्छी, आडनाव. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा राखल्या, आणि काही वर्गांत 'आरटीईवाला' हीच ओळख होऊन बसली. मुलगा सहा महिन्यांत गोरा किंवा बारीक होत नाही, आणि आडनाव तर बदलतच नाही, म्हणून अशा चिडवण्याला अंत नसतो. ही उतरंड मुलांनी घरातून आणि स्टाफरूममधून उचललेली असते. एखाद्या सरांनी हजेरी घेताना एका मुलाला 'या, पैलवान' म्हटलं आणि वर्ग हसला, की त्या दिवसापासून त्याच्यावर हसायची परवानगी मिळाली. शिक्षकांनी ठेवलेलं टोपणनाव ही वर्गात सगळ्यात वेगाने पसरणारी गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना मारायला जितकं मनाई करतं तितकंच मानसिक छळालाही करतं, हे त्या सरांना कुणीतरी सांगायला हवं.

आता करायचं काय.

सुरुवात त्रास सोसणाऱ्यापासून. त्याला एकट्याला भेटा, पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आणि भर वर्गातून हाक मारून नेऊ नका. 'का त्रास देतात' हे विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं, उलट आपलंच काही चुकलं असेल असं त्याला वाटतं. कधी, कुठे, आजूबाजूला कोण होतं, एवढंच विचारा. जागा सहसा दोन-तीनच निघतात: स्वच्छतागृह, जिन्याचं वळण, स्कूल व्हॅनची मागची सीट, पीटीच्या तासानंतरची पाच मिनिटं. 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, पाळता येणार नाही. 'तुला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नाही' एवढं म्हणा, आणि जिवाला धोका असेल तर लगेच सांगावं लागेल हेही आधीच सांगा. त्याच दिवशी एक तरी गोष्ट बदला, बाक किंवा व्हॅनमधली सीट. मुलगा बोलला आणि दुसऱ्या दिवशी सगळं तसंच राहिलं, तर तो पुन्हा बोलत नाही.

मग बाकीच्यांना. सगळ्यांना एकत्र बोलावू नका, कारण एकत्र आले की ते पुन्हा टोळीच असतात. एकाच दिवशी, तास चालू असताना, एकेकाला सात-दहा मिनिटं. एक बाहेर पडला की दुसरा आत, म्हणजे मध्ये बोलून घ्यायला सवड मिळत नाही. स्वीडनच्या अनातोल पिकास यांनी बसवलेली ही पद्धत आहे. 'तू केलंस का' असं विचारलं की 'नाही' येणारच आणि पुढचा सगळा वेळ ते 'नाही' खोडण्यात जातो. त्याऐवजी सरळ म्हणा, "त्याला वर्गात त्रास होतोय, हे मला माहीत आहे. तुला काय दिसलंय?" मग गप्प बसा. शेवटी, "या आठवड्यात तू काय करशील?" उत्तर मोजता येईल असं हवं. 'चांगला वागेन' चालणार नाही, 'डबा माझ्याकडे आला तर पुढे न देता त्याला परत देईन' चालेल. तारीख ठरवा, आठवड्याने त्याच मुलाला पुन्हा भेटा.

या बोलण्यात सबबी येतात आणि त्या ठरावीक असतात. माणूस वाईट वागूनही स्वतःला चांगला कसा समजतो, यावर अल्बर्ट बँड्युरा यांनी बरंच काम केलं आहे. त्यांनी सांगितलेल्या पळवाटा सातवीतली मुलं जशाच्या तशा वापरतात. 'गंमत केली' याला: "तो हसला का?" 'सगळेच करत होते' याला: "बाकीच्यांना मी भेटतोच आहे, तुझा हात कुठे होता?" 'त्यानेच सुरू केलं' याला: "ठीक, तेही मी लिहून घेतो. मग तुम्ही किती जण होतात?" आवाज न चढवता. चढला की गोष्ट तुमच्या रागाची होते.

तिसरं काम हसणाऱ्यांवर आणि गप्प बसणाऱ्यांवर. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातून निघालेल्या आणि २००९ पासून तिथल्या शाळांत देशभर गेलेल्या कीवा कार्यक्रमात, शिक्षक वर्गातली दोन ते चार समंजस मुलं निवडतात आणि त्रास सोसणाऱ्याच्या सोबतीचं काम त्यांना देतात. मुलं निवडताना अभ्यासात पहिला आलेला किंवा मॉनिटर घेऊ नका. ज्याचं बाकीचे ऐकतात तो घ्या. न्यू जर्सीतल्या ५६ शाळांत २०१२-१३ मध्ये झालेल्या प्रयोगात निम्म्या शाळांत प्रत्येकी २० ते ३२ मुलांचा गट भांडणं-छळाविरुद्ध उघडपणे बोलू लागला, आणि बाकीच्या शाळांच्या तुलनेत तिथल्या भांडणांच्या शिस्तभंग-नोंदी सुमारे २५ टक्क्यांनी उतरल्या. ज्या गटांत वर्गाच्या नजरेतली मुलं जास्त होती, तिथे परिणामही जास्त. गप्प बसणाऱ्यांना वीरश्री शिकवू नका. हसायचं नाही, डबा पुढे द्यायचा नाही, नंतर जाऊन त्याच्या शेजारी बसायचं, एवढं बऱ्याच मुलांना जमतं.

न जमणाऱ्या गोष्टींमध्ये सगळ्यात लोकप्रिय म्हणजे दोघांना समोरासमोर उभं करून हस्तांदोलन. समेट सारख्या ताकदीच्या दोघांत होतो. इथे एक जण घाबरलेला असतो, आणि दुसऱ्याला आता हेही कळलेलं असतं की तक्रार कुणी केली. मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये जगभरच्या कार्यक्रमांचा ताळेबंद मांडला. चांगल्या कार्यक्रमांनी त्रास देणं २० ते २३ टक्क्यांनी कमी झालं, पण जिथे मुलांनाच मध्यस्थ केलं होतं तिथे त्रास सोसणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसली. सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावणं हेही तसंच: म्होरक्याची जागा जाते, आणि ती परत मिळवायचा सोपा रस्ता त्याला माहीत आहेच. 'लक्ष देऊ नकोस' हा सल्ला शेरेबाजीच्या पहिल्या दोन दिवसांत उपयोगी पडतो. सहा महिने चाललेल्या प्रकारात त्याचा अर्थ 'एकटाच सोस' असा होतो. पालकांनी थेट समोरच्या पालकांना फोन करणं टाळा. दहा मिनिटांत विषय मुलांचा राहत नाही. वर्गाच्या पालक ग्रुपवर नाव घेऊन लिहिणं तर त्याहून वाईट.

आठवीनंतर एक अडचण वाढते. सातवीपर्यंत चालणारे कार्यक्रम आठवीपासून पुढे जवळपास निष्फळ होतात, हे डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला परिपाठात दयेवर भाषण म्हणजे आपल्याला लहान समजलं जातंय याचा पुरावाच. त्याला बोलण्यापेक्षा जबाबदारी द्या. संघ निवडण्याची, ध्वनियंत्रणेची, सहलीच्या हिशोबाची. वर्गातली जागा मिळवायला दुसरा रस्ता मिळाला तर पहिला रस्ता सोडायला त्याला कारण मिळतं.

तुमचंच मूल त्रास देत असल्याचा फोन आला, तर पहिल्या दिवशी मारू नका आणि वकिलीही करू नका. काय झालं ते शाळेकडून तारखांसकट लिहून घ्या. फोन तपासायचा तर त्याच्यासमोर. नुकसान भरून देणं, मग तो डबा असो की फाटलेली वही, त्याच्या पॉकेटमनीतून आणि त्याच्याच हाताने.

काही गोष्टी शाळेने आपसात मिटवायच्या नसतातच. लैंगिक स्पर्श, तसले फोटो, त्याच्या धमक्या हे पॉक्सो कायद्यात (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) येतं, आणि माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो. पैसे उकळणं, गंभीर मारहाण यातही बाल न्याय व्यवस्थेची मदत घ्यावी लागते. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मूल जगण्याबद्दल निराश बोलत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, आणि त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका. स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असे, आणि मग ब्लॉक करा. आधी ब्लॉक केलं तर पुरावा जायची शक्यता असते.

शेवटी वेळापत्रकाचा मुद्दा. शाळा बदलते त्या वर्षी त्रास वाढतो आणि गटांची उतरंड ठरली की थोडा उतरतो, असं बदलाच्या काळावरचे अभ्यास दाखवतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेची चौथी किंवा सातवी संपवून मुलं मोठ्या गावातल्या हायस्कूलला पाचवीत किंवा आठवीत येतात. चार गावांची मुलं एका तुकडीत, आणि जागा ठरायच्या असतात जून ते ऑगस्टमध्ये. म्हणून बाकांची अदलाबदल दिवाळीनंतर नको, पहिल्याच आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी करा. संघ मुलांना निवडू देऊ नका, चिठ्ठ्या टाका, म्हणजे शेवटी उरणारा तोच तो मुलगा राहत नाही. मधल्या सुट्टीत एक शिक्षक स्टाफरूमऐवजी जिन्याच्या वळणावर. आणि जुलैत एक निनावी कागद, दोनच प्रश्नांचा: या आठवड्यात कुणाला एकटं बसलेलं पाहिलंस? शाळेत कुठल्या जागी जायला नको वाटतं? पस्तीस कागदांत एकच नाव सहा वेळा आलं, तर त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी भेटा.